एकवीस इकडे, एकवीस तिकडे

आमच्या वस्तीत दोन माणसं अशी होती, की एकाला काहीही सांगा, पटायचं. आणि दुसऱ्याला काहीही सांगा, पटायचं नाही. गंमत म्हणजे दोघं एकाच छपराखाली राहायची, एकाच तव्यावरचं खायची आणि बाप-लेक होती. बापाला सगळे भरवसा म्हणत, लेकाला पुरावा.

भरवशाला मी एकदा सांगितलं, की माझ्या आजोबाकडे एक मेंढी होती, ती कातरताना आपणहून कूस बदलायची आणि शेवटी लोकरीची घडी घालून द्यायची. तो म्हणाला, "असेल बाबा, जनावराला आपल्यापेक्षा अक्कल असते." पुराव्याला लहानपणी सांगितलं, की विस्तव पोळतो, तर त्याने दोन्ही हात भाजून घेतले. एक पुरावा म्हणून आणि दुसरा, पहिल्याची खात्री पटावी म्हणून.

मी लोकर पिंजणारा. माझ्या खोलीची मागची भिंत म्हणजे त्यांच्या मेंढवाड्याची पुढची भिंत. तिच्यातली एक वीट निघालेली. तेवढ्यातून पलीकडचं ऐकू यायचं, आणि वाकलं तर दिसायचंही. वाकायचा मला कधी कंटाळा आला नाही.

बेचाळीस मेंढरं आणि चार माणसं. भरवसा, त्याची म्हातारी, पुरावा आणि सून. पाचवं माणूस होतं, चार वर्षांची नात. दोन हिवाळ्यांमागे तापाने गेली. खाटेच्या एका बाजूला डॉक्टर बसला होता, दुसऱ्या बाजूला आजोबा देवाला हाक मारत बसला होता. दोघांचाही उपयोग सारखाच झाला.

भरवसा रोज उजाडताना, वाड्याचं फाटक उघडण्याआधी, डोळे मिटून उभा राहायचा. मागायचा काही नाही. आभार मानायचा, फाटक उघडायचा, कामाला लागायचा. नात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो उभा राहिला. पुराव्याने ते पाहिलं. "आज कसले आभार, आबा?" एवढंच विचारलं. बापाने फाटकाची कडी काढली. तेव्हापासून त्या वेळेला पुरावा घरात थांबत नसे. डबे उचलायचा आणि हौदावर पाण्याला निघून जायचा.

थंडी सरत आली होती, कातरणीला महिनाभर होता, तेव्हा हे सुरू झालं. सकाळी धुकं असं पडायचं की खोकल्याशिवाय शेजारी कोण उभं आहे ते कळत नसे. त्या धुक्यात सुनेचा आवाज आला.

"मामा, हिचं नाक बघा हो."

भरवशाने मेंढीचं तोंड हातात धरलं. नाकपुड्यांवर पिवळी खपली धरली होती. डोळे चिकटून बंद झालेले. त्याने अंगठ्याने ओठ वर केला. हिरड्यांवर कोंडा फासल्यासारखा पांढरा थर होता, आणि त्याखाली लाल मांस. वास असा की सुनेने पदर नाकाला लावला आणि सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून लगेच काढला.

"थंडी बाधली असेल," भरवसा म्हणाला. "राखील तो."

तोवर मागून अजून दोघी खोकल्या.

पुरावा पाणी घेऊन आला, डबे खाली ठेवले आणि तसाच, ओल्या खांद्याने, शहराच्या वाटेला लागला. दुपारी गुरांच्या डॉक्टरला त्याच्या फटफटीवर पुढे घालून घेऊन आला. डॉक्टर तरणा होता, हातमोजे घालून हिंडला. प्रत्येकीच्या शेपटीखाली बघितलं आणि हातमोजे काढून फेकले.

"साथ आहे. हिच्यावर औषध नाही. लस आधी द्यायची असते."

"दिली होती," पुरावा म्हणाला. "पावसाळ्यानंतर. तेव्हा होत्या तेवढ्या सगळ्यांना. मी स्वतः धरून दिली एकेकीला. आबा नको म्हणत होते, तरी दिली."

"कुणी टोचली?"

"एक माणूस आला होता पेटी घेऊन."

"पेटीत बर्फ होता?"

पुराव्याने फेकलेल्या हातमोज्यांकडे बघितलं.

"लस बर्फात नसेल तर ती पाणी होते," डॉक्टर म्हणाला. "पेटी उघडून बघितली होतीस?"

"पांढरा कोट होता त्याच्या अंगावर," पुरावा म्हणाला.

म्हातारी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. दुसरी कुणी असती तर त्याच वेळी बोलली असती. ती काही बोलली नाही, फक्त चुलीत एक काटकी जास्त घातली. भरवसाही बोलला नाही. आणि ते दोघं बोलले नाहीत हेच पुराव्याला झोंबलं. एक थोबाडीत परवडली असती.

डॉक्टरने सुई दिली आणि औषधाच्या बाटल्या दिल्या. रोग मरणार नाही, पण छातीत पू धरतो तो आटोक्यात राहील, म्हणाला. तेवढ्यावर ज्यांच्या अंगात दम आहे त्या निभावतील. पण बाटल्या वीस-एकवीस जनावरांपुरत्या. सगळीकडे हीच बोंब आहे, आणखी माल आठ दिवसांनी येईल.

"आठ दिवसांनी कुणासाठी?" सून म्हणाली.

डॉक्टरने फटफटीला लाथ मारली. ती तिसऱ्या लाथेला सुरू झाली.

खरं भांडण त्यानंतर झालं. मी कामच बंद ठेवलं होतं.

"गाभण्या आधी घेऊ," पुरावा म्हणाला. "मग कोकरांवाल्या."

"तुला वाटेल त्यांना दे," भरवसा म्हणाला. "उरतील त्यांना बघणारा आहे."

"कोण?"

"तुला माहीत आहे कोण."

"मला माहीत नाही!" पुरावा ओरडला. मेंढरं दचकून भिंतीकडे सरकली. "मला नाही माहीत, आबा. तुम्हाला आहे. कशावरून आहे? एकदा, एकदा तरी दाखवा. पोरीच्या वेळी बघणारा कुठे गेला होता? तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही उभेच!"

"तिच्याबद्दलच उभा होतो," भरवसा म्हणाला. "चार वर्षं होती ना ती आपल्याकडे."

हे बोलायला नको होतं. सून उठून बाहेर गेली. पुरावा बराच वेळ सुईच्या डबीचं झाकण उघडत-लावत बसला. मग शांतपणे बोलायला लागला. तो ओरडायचा तेव्हा मला भीती वाटत नसे, शांत व्हायचा तेव्हा वाटायची.

"असं करू. निवडायचंच नाही. फाटकातून एक एक सोडू. एक डावीकडे, एक उजवीकडे. एकवीस तुमच्या, एकवीस माझ्या. चारा तोच, पाणी तेच, नाकं पुसायची ती दोन्हीकडे. माझ्याकडे सुई. तुमच्याकडे तो. आठ दिवसांनी मोजू. तुमच्या जास्त जगल्या तर मी तुमच्या शेजारी उभा राहीन, मरेपर्यंत, रोज. आणि माझ्या जगल्या तर तुम्ही उद्यापासून फाटकापाशी उभं राहायचं नाही."

"अरे मेल्या," म्हातारी म्हणाली, "देव म्हणजे काय बाजारातली मेंढी आहे, ओठ उचलून दात मोजायला?"

"मोजल्याशिवाय घेतली म्हणून तर ही पाळी आली ना," पुरावा म्हणाला. ते त्या लशीबद्दल होतं, स्वतःबद्दल होतं, पण बापाला ते आपल्याबद्दल वाटलं.

भरवसा नाही म्हणू शकला असता. म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणणं म्हणजे मनात कुठेतरी धाकधूक आहे असं झालं असतं, आणि त्याच्या मनात खरोखर नव्हती. सत्तर वर्षांत नव्हती. तो म्हणाला, "बरं."

बांबूंची आड घालून त्यांनी वाडा मधोमध दुभागला. पुरावा फाटकाशी उभा राहून एक इकडे, एक तिकडे सोडत होता आणि खरोखर बघत नव्हता. मान वळवून भिंतीकडे तोंड केलं होतं, हाताला लोकर लागली की ढकलायचा. तपकिरी मेंढी डावीकडे गेली, देवाच्या बाजूला. तिचं पाठोपाठ आलेलं कोकरू उजवीकडे, सुईच्या. दोघांनी बांबूंच्या दोन्ही अंगांना तोंड लावून जो हंबरडा सुरू केला, तो माझ्या खोलीत पिंजणीच्या आवाजातही ऐकू यायचा.

"यांना तरी एकत्र ठेवा," सून म्हणाली.

"मग पुरावा राहत नाही," पुरावा म्हणाला.

तिने बांबूंवरून हात घालून कोकरू उचललं, आईखाली धरलं, पाजलं, परत ठेवलं. "दूध देव देतो की डॉक्टर, ते तुम्ही बाप-लेक ठरवा," ती म्हणाली. "मी पाजते." दिवसातून चार वेळा तिने ते केलं. कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही.

मग काम सुरू झालं. पहाटे उठून मिठाचं पाणी कोमट करायचं, फडकं बुडवून एकेकीच्या नाकपुड्या सुटेपर्यंत पुसायच्या, डोळे पुसायचे. ते फडकं उकळायचं. साखर-मिठाचं पाणी बाटलीत भरून गालाच्या कडेने हळूहळू सोडायचं. घाई केली की छातीत जातं आणि तिथेच संपतं. मागचं सगळं सावडायचं. ते पाण्यासारखं, हिरवट-काळं, मांड्यांवरच्या लोकरीत वाळून टणक झालेलं. सून कातरीने ती लोकर कापायची आणि खाली कातडी भाजल्यासारखी निघायची. तिच्या हातांना तो वास बसला. आंघोळ करून आली तरी बसलेला असायचा. ती जेवताना डाव्या हाताने उजवं मनगट नाकापासून लांब धरायची, असं मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी पुरावा पाण्याला गेला तर हौदाच्या वाटेवर काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या. पलीकडे तीन धनगर उभे. त्यातला एक त्याच्याबरोबर लहानपणी मेंढरं चारलेला.

"रागावू नकोस रे," तो म्हणाला. "आमचीही मेंढरं आहेत."

"मी मेंढरू नाही. मी पाणी न्यायला आलोय."

"तुझ्या पायाला लागून येतं म्हणतात."

"कोण म्हणतं? कशावरून?" पुराव्याने विचारलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की हे खरं आहे, रोग पायाला लागून येतो, त्यानेच त्यांना सांगितलं होतं. त्याने डबे उचलले आणि ओढ्यावर गेला. चौपट लांब. दिवसातून सहा खेपा. तिसऱ्या दिवशी त्याच्या खांद्याची साल निघाली.

मी तरी कोणता शहाणा? मी त्या विटेच्या भोकात चिंधी कोंबली. माझ्याकडे दुसऱ्यांची लोकर पडली होती. आणि भरवशाला निरोप द्यायला स्वतः गेलो, की यंदा तुझी लोकर मला घेता येणार नाही, कुणी विकत घेणार नाही ती. तो फाटकाशी एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "बरोबर आहे तुझं," म्हणाला. त्याने भांडण काढलं असतं तर मला घरी जाऊन जेवण गेलं असतं. संध्याकाळी मी चिंधी काढून टाकली.

पहिल्या मेल्या त्या देवाच्या बाजूच्या. एका सकाळी दोन. मग सुईच्या बाजूची एक. वस्तीच्या टोकाला खड्डा खणायचा, चुना टाकायचा, वर माती, वर दगड. मी खणायला जायचो. माझ्याकडून तेवढंच होत होतं. पुरावा आणि मी चार पाय धरून न्यायचो, भरवसा चुन्याची पाटी घेऊन मागे. मेलेली मेंढी जिवंतपणीपेक्षा जड असते. याला पुरावा नाही, पण ज्याने वाहिली त्याला विचारा.

तिसऱ्या दिवसाअखेर देवाकडच्या सहा गेल्या होत्या, सुईकडच्या दोन. मला वाटलं, पुराव्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. हसू नाही, तरी एक ताठपणा तरी. तसं काही दिसलं नाही. तो खड्ड्याशी बापाकडे बघत होता. बाप खड्ड्याकडे बघत ओठ हलवत होता.

"काय म्हणतोस?" मी विचारलं.

"काही नाही," भरवसा म्हणाला.

पण मला ऐकू आलं होतं. तो 'पंधरा' म्हणाला होता.

चौथ्या सकाळी मी अजून लोकरीला हात लावला नव्हता, तर भरवसा माझ्या दारात. धुक्यातून आला होता, भुवयांवर दव साचलं होतं. दारातच उकिडवा बसला, आत ये म्हटलं तर येईना. त्याच्या पायाला काय लागलंय ते त्याला माहीत होतं.

"पिंजाऱ्या, तू खोटं बोलतोस, तुला यातलं कळत असेल," तो म्हणाला.

"बोल."

"डोळे मिटले की मला आकडे दिसतात रे."

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"त्याच्याकडे तोंड करून उभा राहतो आणि मोजतो. आज किती उठल्या, किती नाही. आभार मानायला गेलो, तर तोंडातून 'अजून दोन तरी' निघालं. दोन तरी वाचव. आणि ते मेंढरांसाठी नव्हतं." त्याने माझा उंबरठा नखाने खरवडला. "जिंकायला होतं. मी त्याच्याकडे जिंकायला मागितलं. सत्तर वर्षांत त्याला एक मेंढी मागितली नव्हती मी."

"मग मोड पैज."

"मोडली तर काय होईल?"

"काही नाही."

"होईल," तो म्हणाला. "मला कळेल, मी का मोडली ते."

दाराबाहेर पत्र्याचा डबा दगडाला लागल्याचा आवाज झाला. पुरावा ओढ्यावरून आला होता. भिंतीच्या कडेला दोन्ही डबे घेऊन उभा होता. किती वेळचा, कोण जाणे. बापाने मान वर करून बघितलं, लेकाने खाली. तो घरात गेला. त्याच्या मागे पाणी सांडत गेलेलं मला दिसलं, फाटकापर्यंत एक सरळ रेघ.

त्या दुपारी भरवसा आणि म्हातारी पाला तोडायला टेकाडावर गेली. मेंढरं आजारी असली तरी कोवळा पाला पुढे धरला तर एखादी तोंड लावते. मी विटेच्या भोकाशी होतो. पुराव्याने सुईची डबी उघडली. सुई उकळलेल्या पाण्यातून काढली, बाटली हलवली आणि बांबूंच्या आडीवरून पाय टाकून देवाच्या बाजूला उतरला.

सून फडकं पिळत होती. तिचे हात थांबले.

"काय करताय?"

"गप्प बस."

"अहो, ती त्यांची बाजू."

पुराव्याने तपकिरीच्या मानेची कातडी चिमटीत धरली आणि टोचली. मग पुढची. ज्या उभ्या होत्या त्या आधी, मग ज्या नव्हत्या त्या. तो हे इतकं सफाईने करत होता, की शिकवायला ठेवावा.

"आणि आपल्यांना?" ती म्हणाली.

"यांना आज आणि उद्या दोन वेळ लागेल. तेवढंच उरलंय."

"आणि आपल्यांना?"

"त्यांना..." पुरावा म्हणाला आणि अडकला. सुई हातात वर धरलेली, टोकाला एक थेंब. "त्यांना बघू."

"कोण बघणार?"

त्याने पुढच्या मेंढीची कातडी चिमटीत धरली. तिने फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. नंतर उठली, एकेक मेंढी त्याच्यासाठी धरायला लागली. कोकरू तेवढं ओरडत होतं.

त्यानंतरचे चार दिवस मी मोठे करून सांगू शकतो, सवय आहे. पण ते मोठेच होते. सुईकडच्या मेंढ्या मरायला लागल्या. छातीतून घरघर यायची, जणू आत कुणी माझी पिंजणी चालवतंय. पुरावा त्यांच्यात बसून असायचा. पाणी पाजायचा, पाठी चोळायचा, पोत्यांनी झाकायचा. एकदा मी पाहिलं, तो एका मेंढीच्या कानात काहीतरी बोलत होता. काय ते ऐकू आलं नाही, आणि मी ते ऐकायला गेलोही नाही. कोकरू सातव्या दिवशी गेलं. तपकिरी बांबूंशी तोंड लावून उभी राहिली, सड दुधाने तटतटलेले. सुनेने तिचं दूध काढून मातीत ओतलं.

आठव्या दिवशी सकाळी मोजणी. वस्तीतली माणसं लांब, काट्यांच्या पलीकडे उभी होती. बातमी सगळ्यांना होती. पुरावा मोठ्याने मोजत गेला. सुईकडे आठ. देवाकडे नऊ.

कुणीतरी पलीकडून ओरडलं, "देव एका मेंढीने जिंकला रे!" दोन-चार हसले, दोन-चार जणांनी खरोखर हात जोडले. एक म्हातारा म्हणाला, "सायन्सचं नाक कापलं." बेचाळिसातल्या पंचवीस खड्ड्यात होत्या, आणि माणसं नाक कुणाचं कापलं ते बघत होती.

पुरावा बापापुढे उभा राहिला. खांद्याच्या सालींवर माशा बसत होत्या, त्या त्याने हाकलल्या नाहीत.

"हरलो आबा," तो म्हणाला. "मिळाला पुरावा. उद्यापासून उभा राहीन तुमच्या शेजारी."

आणि भरवसा हसला. मी त्या माणसाला लहानपणापासून ओळखतो, पण असा हसलेला पाहिला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो आडीवरून पलीकडे गेला आणि एकेका मेंढीला कुरवाळायला लागला. तपकिरीच्या गळ्यात हात घातला, मानेवर गाल टेकवला. मग गाल बाजूला केला. बोटं लोकरीत घातली आणि तिथेच ठेवली.

धनगराच्या बोटांना काय कळत नाही? घट्ट औषधाची गाठ राहते कातडीखाली, वाटाण्याएवढी. त्याने दुसरीची मान चाचपली. तिसरीची. नऊही मेंढ्या झाल्या तेव्हा काट्यांपलीकडची माणसं पांगली होती.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

पुराव्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण त्याला सराव नव्हता. "दोन."

"माझ्यासाठी?"

"तुम्ही पिंजाऱ्याकडे बोललात ते ऐकलं मी. मला ते नको होतं आबा. मला फक्त..." तो थांबला. "तुम्ही उभे राहत होतात ते मला सहन होत नव्हतं. मग उभे राहून मोजताय हे कळलं, ते त्याहून सहन होईना."

"तुझ्या तेरा गेल्या."

"हो."

"सुई त्यांना मिळाली असती तर?"

"माहीत नाही."

"आणि माझ्यांना मिळाली नसती तर?"

"माहीत नाही, आबा! काय सांगू?"

भरवसा मटकन खाली बसला, त्या ओल्यात, त्या घाणीत. "आता मला कधीच कळणार नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला कळायला नकोच होतं ना? तुम्हाला कधी पुरावा लागला?"

"नव्हता लागत. तू मागायला लावलास." आवाज इतका बारीक झाला होता, की मी भोकाला कान लावला. "मागायला लावलास आणि मग लपवून ठेवलास. आता मी कुठल्या तोंडाने उभा राहू? काय म्हणू त्याला? तू होतास का म्हणून विचारू?"

म्हातारी पुढे आली, नवऱ्याच्या काखेत हात घालून उठवायला लागली. तो उठेना. दुसऱ्या सकाळी धुकं नव्हतं, सगळं लख्ख दिसत होतं. भरवसा वेळेवर बाहेर आला, फाटकाशी गेला, कडी काढली आणि आत गेला. उभा राहिला नाही. पुरावा डबे न उचलता अंगणात थांबला होता, शब्द दिला होता म्हणून. बाप त्याच्याजवळून गेला, जसा खुंटाजवळून जावा.

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी सुईच्या बाजूची एक गाभण मेंढी अवेळी आडवी पडली. साथीतून वाचलेल्या गाभण्यांचं असं होतं, असं डॉक्टर म्हणाला होता. तिला कळा द्यायलाही ताकद नव्हती. पुरावा मागे गुडघ्यांवर बसला, भरवसा तिच्या डोक्याशी. तीन दिवसांनी पहिल्यांदा ते दोघं एका जनावरापाशी बसले होते.

"पाय आलाय," पुरावा म्हणाला. "एकच."

"मागे ढकल. दुसरा शोध. तिच्या श्वासाबरोबर, ओढू नकोस."

पुराव्याने कोपरापर्यंत हात घातला. मेंढी ओरडलीही नाही. सुनेने तेल आणलं, म्हातारीने पोतं पसरलं. बऱ्याच वेळाने ते निघालं. एवढंसं, ओलं, लोकर अजून नीट न फुटलेलं. पुराव्याने त्याच्या तोंडातला चिकटा बोटाने काढला, मागचे पाय धरून दोनदा झुलवलं, पोत्यावर ठेवलं आणि नाकपुड्यांना तोंड लावून फुंकलं. छोट्या बरगड्या वर आल्या, खाली गेल्या. तो थांबला की त्याही थांबल्या.

पुन्हा फुंकलं. पुन्हा.

भरवसा बसल्या जागेवरून पुढे सरकला. दोन बोटं कोकराच्या छातीखाली लावली, बराच वेळ ठेवली. मग अंगठ्याने पापणी वर केली.

"मेलंय ते," तो म्हणाला. "पोटातच मेलंय. डोळा बघ. दुधाळ झालाय."

पुराव्याने बघितलं नाही. तोंड पुसलं, श्वास घेतला, पुन्हा फुंकलं.

"अहो," सून म्हणाली.

"अरे, अंग बघ, थंड आहे," भरवसा म्हणाला. "कालच गेलंय. चाळीस वर्षं बघतोय मी. सांगतोय ना."

"थोडं अजून," पुरावा म्हणाला. त्याच्या हनुवटीवरून, ओठांवरून ते सगळं ओघळत होतं. "थोडं थांबा, आबा. अजून थोडंच."

तो पुन्हा वाकला. कोकराची मान एका बाजूला लोंबत होती, त्यामुळे वारा आत जात नव्हता, गालातूनच बाहेर फुसफुसत होता. भरवशाने ते पाहिलं. मग गुडघे टेकून पुढे वाकला आणि दोन्ही हातांत ते डोकं धरून, मान सरळ केली.